राजाला परत आणायला लागलेली साडेतीन वर्षं

मी अमरावतीत एका शाळेत आठवीला गणित शिकवते. मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळे घरात अडकलेलो असताना, कुमारवयीन मुलांसाठी एक फँटसी कादंबरी लिहायला घेतली. ती छापून घरी आली २१ डिसेंबर २०२४ ला. मधल्या काळात कितीतरी रात्री मी एकच गोष्ट शोधत होते, की माझ्यासारख्या कुणी हे सगळं कसं पार पाडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवलंय का. तुकड्यातुकड्यांनी माहिती मिळाली, सलग कुठेच नाही. म्हणून हे लिहिते आहे. पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हा लेख ते खपवण्यासाठी नाही.

गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सात तळ्यांचं एक राज्य आहे. प्रत्येक तळ्याला एक राखणदार. राजा नीलकेतू हुशार, देखणा आणि पैज लावण्यात पटाईत. एक ढगांचा व्यापारी येतो आणि राजा भर दरबारात त्याच्याशी पैज लावून एकेक तळं हरत जातो. म्हातारी तळराखीण त्याला अडवते, तर तो तिलाच हद्दपार करतो. सातवं तळं आटतं तेव्हा लोक वेशीचं दार त्याच्या तोंडावर लावून घेतात आणि चुलतभाऊ गादीवर बसतो. पुढे राजा कसा सावरतो, कसा परत येतो, ही कादंबरी.

पहिला खर्डा १४ नोव्हेंबर २०२१ ला पूर्ण झाला. ६१ हजार शब्द. त्यात राजाला जंगलात जादूची तलवार मिळत होती, तो व्यापाऱ्याला हरवत होता, तळी भरत होती, लोक जयजयकार करत होते. मला तो शेवट फार आवडला होता. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

जानेवारी २०२२ मध्ये तीन प्रकाशकांना हस्तलिखित पाठवलं. दोनशे पानांचे तीन संच, स्पायरल बाइंडिंग आणि टपालखर्च धरून सोळाशेच्या आसपास गेले. इथे पहिली चूक झाली. आधी फोन करून विचारायला हवं होतं, की तुम्ही कुमारांसाठी कादंबऱ्या काढता का आणि ईमेलवर पीडीएफ चालेल का. एका ठिकाणाहून चार महिन्यांनी दोन ओळी आल्या की आम्ही या वयोगटासाठी काही करत नाही. एक फोन केला असता तर तो संच आणि ते चार महिने, दोन्ही वाचले असते. दुसऱ्या ठिकाणाहून आजपर्यंत काहीच आलं नाही. तिसऱ्यांनी ऑगस्टमध्ये, म्हणजे सात महिन्यांनी, संच परत पाठवला. नकाराचं छापील पत्र होतं. पण संच चाळताना शेवटच्या प्रकरणात, जयजयकाराच्या ओळीशेजारी, समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं : ‘लोकांना हा परत का हवा आहे?’

कोणी लिहिलं ते मला माहीत नाही. नकारापेक्षा ते वाक्य जास्त लागलं, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. राजा होता म्हणून परत आला, एवढंच उत्तर होतं. मी तो संच कपाटाच्या वरच्या खणात टाकला आणि दिवाळीपर्यंत त्याला हात लावला नाही. ज्यांचं लिखाण असं परत आलंय त्यांना सांगते, ते दोन-तीन महिने वाया जात नाहीत. त्या दिवसांत मी लिहिलं नाही, पण पोळ्या लाटताना, पेपर तपासताना तो प्रश्न डोक्यात घोळत होता.

दिवाळीच्या सुट्टीत घर आवरताना सासऱ्यांचे महाभारताच्या मराठी भाषांतराचे खंड खाली काढले, आणि वनपर्व उघडून जमिनीवरच बसले. नळाची गोष्ट मला सगळ्यांसारखीच माहीत होती, हंस, स्वयंवर, द्यूत, वनवास. पण ती कोण, कोणाला, कधी सांगतं याकडे लक्ष गेलं नव्हतं. बृहदश्व ऋषी ती सांगतात युधिष्ठिराला. द्यूतात सगळं घालवून जंगलात बसलेला राजा विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा कोणी झाला आहे का? आणि ऋषी त्याला दुसऱ्या हरलेल्या राजाची गोष्ट सांगतात.

त्या बैठकीत मी नळोपाख्यान दोनदा वाचलं. आपल्या विदर्भाची दमयंती, भीमकाची लेक, तिचं कुंडिनपूर. आमच्या इकडे लोक ते तिवसा तालुक्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर मानतात, त्यामुळे ती मला शेजारच्या गावची वाटते. नळ हरतो तेव्हा प्रजा दाराशी येऊन थांबलेली असते, तो बाहेर येऊन बोलतसुद्धा नाही. मग नगराबाहेर तीन रात्री नुसत्या पाण्यावर, कारण त्याला कोणी आसरा देऊ नये अशी त्याला हरवणाऱ्या भावाची, पुष्कराची, दवंडी. अंगावरचं एकुलतं एक वस्त्र पक्षी घेऊन उडतात. झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र कापून घेऊन तो निघून जातो. कर्कोटक नाग दहाव्या पावलाला चावतो आणि त्याचं रूपच बदलून टाकतो.

आणि मग जे होतं ते माझ्या खर्ड्यात कुठेच नव्हतं. नळ नोकरी धरतो. बाहुक नावाने, अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे, घोड्यांची. राजा होता तो माणूस तबेल्यात काम करतो आणि रोज संध्याकाळी एकच श्लोक म्हणतो, की ती भुकेली, तहानलेली, दमलेली कुठे निजली असेल, त्या मंदबुद्धीची, म्हणजे त्याची स्वतःची, आठवण काढत.

दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी ऐकून, नळ हाकतो त्या रथातून विदर्भाकडे जाताना ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे बघून म्हणतो, याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि २०९५ फळं. मी गणिताची बाई, इथे मी थबकलेच. नळाला ते खरं वाटत नाही. घाई असूनही तो रथ थांबवतो, उतरतो आणि मोजतो. आकडा जुळतो. मग तो ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकतो आणि बदल्यात अश्वविद्या देऊ करतो. ती विद्या कळली तेव्हा त्याला द्यूतात बुडवणारा कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. तलवार चालवून नव्हे, ज्यात हरलो ते नीट शिकून. आणि शेवटी बृहदश्व हीच विद्या युधिष्ठिरालाही देतात.

त्या रात्री जादूची तलवार काढून टाकली. नीलकेतू पाणी हरला होता, तेव्हा त्याला पाणी शिकायला लावायचं ठरवलं.

माझं माहेर धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठचं. तिथली फड पद्धत मी लहानपणी पाहिली आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या, म्हणजे छोटे फाटे, आणि गावाच्या शेतांचे फड, म्हणजे मोठे पट्टे, पाडलेले. कुठल्या फडात काय पेरायचं, पाणी कुणाला कधी, हे शेतकरी मिळून ठरवतात आणि प्रत्यक्ष पाणी फिरवतो तो पाटकरी. तोच बारे देतो, म्हणजे शेतांना पाणी देतो. त्याला शेताच्या मालकाने सांगितलं म्हणून पाणी जास्त सोडता येत नाही. माझा राजा परक्या गावात पाटकऱ्याच्या हाताखाली राबायला लागला आणि कादंबरी एकदम हलकी झाली. लिहायचे कष्ट वाढले, पण गोष्ट ढकलावी लागेना.

हा दुसरा खर्डा डिसेंबर २०२३ पर्यंत चालला. तेरा महिने. रोज पहाटे पाच ते सहा, परीक्षांच्या दिवसांत बंद. नोकरी आणि घर सांभाळून लिहिणाऱ्यांना माझ्या अनुभवाचं सांगते : रोज किती शब्द लिहायचे हे ठरवू नका, वेळ ठरवा. शब्द ठरवले की न जमलेल्या दिवसाची टोचणी लागते. आणि थांबताना वाक्य अर्धं सोडून उठा. दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली. तिथे वाटेत बेहड्याचं झाड दिसलं. पानं फांदीच्या टोकाशी झुबक्याने. खाली फळं पडलेली, भुरकट, मखमल लावल्यासारखी, आणि बोट फिरवलं की पाच पुसट धारा लागतात. त्रिफळ्यातलं एक म्हणून आपण ते ओळखतो, पण वेदकाळी जुगाराला हीच फळं वापरत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात त्यांचं नाव आहे. म्हणजे नळाने ज्या झाडाची फळं मोजली तेच झाड फाशांचं. आणि कली बाहेर पडून शिरला तोही त्याच झाडात. मी मुलांना एका डहाळीची पानं मोजायला सांगितली. आठ जणांची आठ उत्तरं आली. मग परत मोजली. तिसऱ्या वेळी सहा जणांचं जुळलं. एक फळ पर्समध्ये टाकून आणलं, ते अजून माझ्या लिहायच्या टेबलावर आहे.

फेब्रुवारीत रिकाम्या तासांना मी वर्गाला कादंबरी वाचून दाखवली. रोज एक प्रकरण. कुमारांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. मुलं कौतुक करतात त्याकडे फार लक्ष देऊ नका, ती कुठे चुळबूळ करतात तिथे पेन्सिलीने खूण करा. माझ्या सतरा खुणा झाल्या. त्यातल्या चौदा जागी मी निसर्गवर्णन केलं होतं.

शेवटचं प्रकरण संपलं. राजा परत आला होता, तळी मोजून, बांधून, लोकांच्या सोबतीने भरली होती. वर्ग शांत होता. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी तासाला कधी हात वर करत नाही, ती म्हणाली, “मॅडम, पण थो चुकलो असं म्हनतच नाही ना!”

मी म्हटलं, अगं, त्याने एवढं काम केलं, त्यातूनच ते दिसतं. ती म्हणाली, “त्या म्हातारीले हाकललं होतं. तिले काय दिसलं?”

घरी येऊन पुन्हा वनपर्व काढलं. नळ दमयंतीला अखेर भेटतो तो प्रसंग मी दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा भेटीच्या आनंदात एक गोष्ट निसटली होती. नळ तिला म्हणतो, राज्य गेलं ते मी स्वतः केलं नाही, ते कलीने केलं, आणि तुला टाकलं तेही. पुढे लगेच तिलाच विचारतो, की तू दुसऱ्या स्वयंवराला तयार कशी झालीस? रोज संध्याकाळी एकांतात जो स्वतःला मंद म्हणत होता, तो तिच्या समोर आल्यावर कलीकडे बोट दाखवतो. पुढे तो पुष्करालाही उदारपणे माफ करतो आणि कारण तेच देतो, तुझा दोष नाही, कलीचा. महाभारतावर माझं प्रेम आहे. पण या एका जागी आठवीतली ती मुलगी मला जास्त बरोबर वाटली, आणि अजूनही वाटते.

समासातल्या पेन्सिलीच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळालं. लोकांना राजा परत हवा की नको हे त्यांना ठरवता यायला हवं होतं, आणि ते ठरवायची वेळच मी त्यांना दिली नव्हती. मग मी एक प्रकरण नवं लिहिलं, अकरा पानांचं. नीलकेतू गावसभेत उभा राहतो, तळराखीण समोर बसलेली आहे, आणि तो कोणत्या दिवशी कोणतं तळं कशासाठी लावलं ते एकेक करून सांगतो. व्यापाऱ्याचं नाव घेत नाही. म्हातारी लगेच माफ करत नाही. ती विचारते, पाणी मोजता येतं का तुला आता? तो हो म्हणतो. ती म्हणते, मग उद्या पहाटे पाटावर ये. बस. तो गादीवर बसत नाही. चुलतभाऊ राज्य करतो, हा पाणी वाटतो. हे अकरा पानांचं प्रकरण लिहायला सात आठवडे लागले.

एप्रिल २०२४ मध्ये पेन्सिलवाल्या प्रकाशकांनाच पुन्हा ईमेल केला. जूनमध्ये उत्तर आलं, आवडलं आहे, पण पुढच्या दोन वर्षांची पुस्तकं ठरलेली आहेत. तेव्हा स्वतः छापायचं ठरवलं. मुख्याध्यापकांना तसं लेखी कळवलं आणि त्या पत्राची पोच घेऊन ठेवली. शिक्षकांनी हे जरूर करावं.

आता कागदपत्रांचा भाग. मला सगळ्यात जास्त भीती याचीच होती, आणि ती बऱ्यापैकी अनाठायी निघाली.

जुलैमध्ये अक्षरजुळणीला दिलं, पानाला ३५ रुपये. माझी फाइल युनिकोडमध्ये होती, ऑपरेटरने ती त्याच्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये बदलली. पहिलं प्रूफ आलं आणि माझं धाबं दणाणलं. ‘ऱ्या’ सगळीकडे मोडला होता. ‘पाटकऱ्याच्या’ हा शब्द माझ्या पुस्तकात पानोपानी, आणि प्रत्येक ठिकाणी ‘पाटकर्याच्या’ झालेलं. हाताने मोजले, २१४. शोधून बदलायची सोय असते, पण ‘आचार्यांनी’, ‘कार्याला’ असे बरोबर शब्दही त्यात बदलून जातात, म्हणून एकेक पाहावा लागला. तुम्ही देणार असाल तर आधी दोन पानं नमुना म्हणून बदलून घ्या. त्यात ऱ्य, ऱ्ह, रफार, ॲ, अवतरणचिन्हं असलेली वाक्यं मुद्दाम घाला. मुद्रितशोधन दुसऱ्या व्यक्तीकडूनच करून घ्या. पानाला २२ रुपये दिले आणि ते सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे होते. स्वतःचं लिखाण आपण वाचत नाही, आठवतो.

मजकूर भरला २०३ पानांत. छपाई सोळा पानांच्या फॉर्मने होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकत्र, म्हणून २०८ पानं, तेरा फॉर्म. आधी माहीत असतं तर उरलेल्या पाच पानांत फड पद्धतीवर टिपण घातलं असतं. आकार डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीचा, आतला कागद ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा पांढरा. मुखपृष्ठ आणि आतली सहा चित्रं गावातल्याच एका तरुण चित्रकाराकडून, ९,००० रुपयांत.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली, तिच्या पोर्टलवर अर्ज करायचा. लेखक स्वतः प्रकाशक असला तरी चालतं. पैसे घेऊन नंबर काढून देतो म्हणणारे भेटतात, त्यांची गरज नाही. मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओळखपत्र आणि मुखपृष्ठ जोडून अर्ज केला, तो परत आला. चूक माझीच. मुखपृष्ठावर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. मग श्रेयनामावलीच्या पानावर दोन्ही नावं दिली, ते पानही जोडलं, आणि दुसऱ्या अर्जानंतर १९ दिवसांनी नंबर आला. माहेरच्या नावाने लिहिणाऱ्या बायकांनी हे आधीच जुळवून घ्यावं.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. लिहिलं की हक्क आपोआप तुमचा होतो आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. पण नोंदणी असली की पुरावा हाताशी राहतो, म्हणून केली. फॉर्म १४, साहित्यकृतीला ५०० रुपये, ऑनलाइन. ७ ऑक्टोबरला अर्ज, त्याच दिवशी डायरी नंबर, म्हणजे अर्जाच्या नोंदीचा क्रमांक. मग कुणाला हरकत असेल तर ती घेण्यासाठी ३० दिवसांची मुदत. त्यात काही होत नाही, फक्त थांबायचं. डिसेंबरमध्ये त्रुटीचं पत्र आलं. मी चित्रांसकट पीडीएफ चढवली होती, त्यामुळे चित्रकाराचं ना हरकत पत्र हवं होतं. त्याने सही करून दिलं, मी पाठवलं, एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्र आलं. त्रुटीचं पत्र म्हणजे नकार नव्हे. मला ते पाहून रात्रभर झोप लागली नव्हती आणि काम झालं एका सहीत. उत्तर द्यायची मुदत पत्रात लिहिलेली असते, तेवढी पाळा.

छपाई ३०० प्रती, प्रतीला ९६ रुपये, म्हणजे २८,८००. अक्षरजुळणी ७,२८०, मुद्रितशोधन ४,५७६, चित्रं ९,०००, नोंदणी ५००. सगळे मिळून ५०,१५६. हे पैसे मी आवर्त ठेवीतून काढले, घरात सांगून. किंमत २४० छापली आणि इथे गणिताच्या बाईचं गणित चुकलं. दुकानदार ४० टक्के कमिशन घेतात. हातात येतात १४४ आणि मला एक प्रत पडली होती १६७ ला. किंमत छापण्याआधी हा हिशेब करा. मुखपृष्ठ छापून झाल्यावर तो करून उपयोग नसतो. मी पुस्तकं दुकानात ठेवलीच नाहीत, थेट २०० रुपयांना दिली, टपालखर्च वेगळा.

टपालाचं मात्र जिवाला लागलं. २१ डिसेंबरला शनिवारी टेम्पोतून गठ्ठे आले, कागदाचा आणि डिंकाचा वास घरभर. रविवारी मुलाने आणि मी मिळून ४१ प्रती खाकी कागदात बांधल्या. सोमवारी टपाल कार्यालयात गेले तर खिडकीवरच्या काकांनी सांगितलं, बुक पोस्ट १८ तारखेपासून बंद झालं. पाच दिवसांचा उशीर झाला होता. वर्षानुवर्षं मासिकं आणि पुस्तकं ज्या दराने खेड्यापाड्यांत जात होती तो दरच नाहीसा झाला होता. मी ती ४१ पाकिटं पिशव्यांत भरून पायीच घरी आणली. प्रत्येकाला फोन करून सांगितलं की खर्च वाढतोय, कुरिअरला सरासरी ७० रुपये पडताहेत. सहा जणांनी नंतर घेतो म्हटलं, त्यात दोन गावच्या वाचनालयांचे लोक होते. त्यांना मी माझ्या खर्चाने पाठवलं. १ मे २०२५ ला टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. माझं पुस्तक वेष्टनासकट २९० ग्रॅम भरतं. तुमचं अजून छापायचं असेल तर कागद निवडताना हा तराजू डोक्यात ठेवा, जाड कागदाने वीस ग्रॅम वाढले की दर बदलतो.

आणखी एक काम असतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एकेक प्रत स्वखर्चाने चार ग्रंथालयांना पाठवायची असते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. स्वतः छापलंत की प्रकाशक तुम्हीच. मी ६ जानेवारीला चार पाकिटं स्पीड पोस्टने पाठवली. कोलकात्याचा पत्ता लिहिताना हात थोडा थरथरला. आपलं पुस्तक तिथल्या एखाद्या फळीवर कायमचं असणार, हे तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

ती मुलगी तोवर नववीत गेली होती. तिला पहिल्या गठ्ठ्यातली पहिली प्रत दिली. चार दिवसांनी ती मधल्या सुट्टीत आली, अकरा पानांचं प्रकरण वाचलं म्हणाली, आणि म्हातारीने त्याला लगेच माफ केलं नाही ते बरं केलं, म्हणाली. मग डबा खायला पळाली.

मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा मोठ्या काकांना पुस्तक दिलं. ते ८१ वर्षांचे. तरुणपणी गावच्या पाटकऱ्यासोबत रात्रीचे बारे धरलेले. त्यांनी ओसरीत बसून, चष्मा पुसत पुसत, तीन दिवसांत ते वाचून काढलं. राजाबद्दल काही बोलले नाहीत. १४३ वं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, चारी फोडायला कुदळ कोण घेतं, बेटा? कुदळीने काठ ढासळतो. फावड्याने माती ओढायची, पाणी गेलं की त्याच मातीने बुजवायची. मी लहानपणी हे शंभरदा पाहिलं होतं आणि तरीही कुदळच लिहिलं होतं.

अमरावतीला आल्यावर पांढऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या छापून घेतल्या. १४२ प्रती घरात शिल्लक होत्या. दिवाणातून एकेक काढून, पहिल्या पानाच्या आतल्या कडेला डिंकाचं बोट लावून चिकटवल्या. आधी गेलेल्या प्रतींसाठी, ज्यांचे पत्ते माझ्या वहीत होते, त्यांना पट्टी पाकिटात घालून पाठवली. पट्टीवर एवढंच आहे : ‘पृष्ठ १४३, ओळ ९. “कुदळ” ऐवजी “फावडं” असे वाचावे. चूक लेखिकेची आहे.’